लपून धावणाऱ्या ताईंना

पत्र असं आहे: ‘मी ६३ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला राहते. दिवाळीनंतर सकाळी फिरायला जायला लागले आणि एक दिवस सहज एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळून पाहिलं. जन्मभर शाळेतल्या पोरांना मैदानावर पळवलं, स्वतः कधी पळाले नव्हते. आता मार्च उजाडला, तर न थांबता दोन किलोमीटर जाते. ह्यांना ते पसंत नाही. “गुडघ्याच्या वाट्या झिजल्या की मलाच करावं लागेल,” म्हणतात. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, या वयात हे काय खूळ. म्हणून आता मी पहाटे पाचलाच, फिरून येते असं सांगून, यवतेश्वरच्या घाटात जाते. तिथं ओळखीचं कुणी भेटत नाही. पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. ब्लडप्रेशरची गोळी सहा वर्षं चालू आहे. डॉक्टर ह्यांच्या ओळखीतले, म्हणून त्यांना सांगितलेलं नाही. हल्ली सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच फार दुखते. पळणं सोडून देऊ का? आणि विचारायला लाज वाटते, पण हिल मॅरेथॉनला नाव दिलं तर हसं होईल का?’

ताई,

पळणं सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

सोडायचं आहे ते लपणं. तुमच्या पत्रात मला काळजी वाटावी अशा चार-पाच गोष्टी आहेत आणि त्यातल्या एकीचाही तुमच्या ६३ वर्षांशी संबंध नाही. अंधारात जाता, कारण उजेडात लोक बघतील. घाटात जाता, कारण सपाटीवर ओळखीचे भेटतील. बूट मुलाचे, कारण नवे घ्यायचे तर घरात सांगावं लागेल. डॉक्टरांना कळवलं नाही, कारण ते घरी बोलतील. आणि टाच दुखते हे मुकाट सोसता, कारण तोंडातून शब्द निघाला की ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ हे उत्तर तयार आहे. यातलं एकेक लपवणं तुम्हाला दुखापतीच्या एकेक पाऊल जवळ नेतं आहे. उघडपणे धावायला लागलात तर यातल्या बहुतेक गोष्टी आपोआप सुटतील.

आता गुडघ्याच्या वाट्यांचं बघू, कारण घरातला सगळा वाद तिथं अडलाय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक गुडघ्यासाठी येतात. त्यात वर्षानुवर्षं बसून काम केलेले, वजन वाढलेले, मांडीचे स्नायू पातळ झालेले पुष्कळ असतात. हौसेनं, बेतानं धावणारे फार थोडे. वाटी म्हणजे गाडीचं टायर आणि जितकी गाडी पळेल तितकं ते झिजणार, हा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला आहे. पण टायर स्वतःला दुरुस्त करत नाही, सांधा काही प्रमाणात करतो. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत शिरतो दाबाच्या खेळातून. पाऊल टेकलं की कूर्चा स्पंजासारखी दबते, उचललं की फुगते आणि द्रव शोषून घेते. दिवसभर खुर्चीत बसलेल्या गुडघ्याला ते मिळत नाही.

२०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हे तपासलं गेलं. गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौसेखातर धावणाऱ्यांमध्ये साधारण साडेतीन टक्के लोकांत आढळला, न धावणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास. मात्र स्पर्धेत उतरणाऱ्या, जिद्दीनं प्रचंड अंतर कापणाऱ्या धावपटूंमध्ये तो तेरा टक्क्यांवर गेला. हा तिसरा आकडाही घरी सांगा. अतिरेक गुडघ्याला मानवत नाही, हे खरंच आहे. तुमचे दोन किलोमीटर त्या अतिरेकाच्या जवळपासही नाहीत. अर्थात ज्यांचा गुडघा आधीच सुजलेला आहे, वाकडा झालाय, जिना उतरताना दगा देतो, त्यांनी हे वाचून उद्या धावायला सुटू नये. त्यांच्यासाठी आधी तपासणी आणि मांडीची ताकद.

‘मलाच करावं लागेल’ हे वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही, म्हणून त्यावर जरा थांबते.

माझ्या आईला ६८ व्या वर्षी चक्कर येऊन ती एकदा पडली. काही मोडलं नाही. पण त्यानंतर आम्ही सगळ्यांनी तिला जपायला सुरुवात केली. भाजी आम्ही आणू, तू बस. जिना नको, तू खालीच झोप. देवळात रिक्षानं जा. दोन वर्षांत तिचे पाय काड्यांसारखे झाले. तिसऱ्या वर्षी ती मोरीच्या उंबऱ्यावर अडखळली आणि खुबा मोडला. मी याच विषयात शिकलेली मुलगी, आणि तिला खुर्चीत बसवणाऱ्यांत मी पहिली होते. आमच्या प्रेमात खोट नव्हती. पण स्नायूंना प्रेम कळत नाही, काम कळतं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातला काही टक्के स्नायू आपण गमावतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर हाडंही झपाट्यानं विरळ होतात. ज्या हाडावर जोर पडतो ते हाड टिकून राहायला धडपडतं, आणि धावताना पाऊल टेकतं तेव्हा नेमका तो जोर मिळतो.

तेव्हा तुमचे यजमान ज्याला घाबरतात ते अंथरुणाला खिळणं टाळायचा जो मार्ग आहे, त्यावर तुम्ही आधीच चालताय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं १९८४ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ५३८ धावणाऱ्यांची आणि न धावणाऱ्या ४२३ जणांची नोंद ठेवायला सुरुवात केली. १९ वर्षांनी पाहिलं तर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के वारले होते, धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरं निरीक्षण: उठणं-बसणं, कपडे घालणं, वस्तू उचलणं यात येणारी अडचण धावणाऱ्यांना कितीतरी वर्षं उशिरा आली. धावणारी माणसं मुळातच जरा धडधाकट असतात, हे यात धरायलाच हवं, आणि अभ्यास करणाऱ्यांनी ते हिशेबात घेण्याचा प्रयत्नही केला होता. तरी फरक उरलाच.

‘मग नुसतं चालावं, पळायचं कशाला?’ असं ते विचारतीलच. चालणं उत्तम आहे, ज्याला पळता येत नाही त्यानं जन्मभर चालावं. पण एक मजेची गोष्ट सांगते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी सरासरी ६९ वर्षांच्या तीस जणांना ट्रेडमिलवर चालवून पाहिलं. निम्मे नियमित चालणारे, निम्मे आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास धावणारे. धावणाऱ्यांना चालायला जेवढी शक्ती लागली, ती विशीतल्या मुलांइतकीच होती. चालणाऱ्यांना त्यांच्या वयाच्या इतरांइतकीच जास्त लागली. म्हणजे धावण्याचा फायदा मंडईत पिशवी घेऊन चढ चढताना मिळतो. आपल्या साताऱ्यात तर घरातून बाहेर पडलं की चढ नाहीतर उतार.

आणि दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं मनात आणू नका. त्याच वर्षी पंचावन्न हजार माणसांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. दिवसाला पाच-दहा मिनिटं, तीही हळू धावणाऱ्यांमध्येसुद्धा हृदयविकारानं होणारे मृत्यू बरेच कमी दिसले. तुम्ही त्यात बसता.

आता टाच. सकाळची पहिली चार पावलं दुखणं आणि मग सैल पडणं, हे लक्षण मी रोज ऐकते. तळव्याखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो. त्यावर ताण आला की तो रात्रभर आखडतो आणि सकाळी पाऊल टेकताच ओढला जातो. तुमच्या बाबतीत कारण शोधायला लांब जायला नको. घाट चढताना टाच खाली दबते, पोटरी आणि हा पट्टा दोन्ही ताणले जातात. त्यात कॅनव्हासचा बूट, खाली चपट्या पुठ्ठ्यासारखा तळ, आणि मापानं दुसऱ्याचा. उतरताना तर गुडघ्यावरच संकट: मांडीचा स्नायू लांबत असतानाच त्याला अंगाचं वजन झेलावं लागतं आणि वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. यजमानांची भीती खरी करायची असेल तर यवतेश्वरचा उतार रोज धावत उतरण्याइतकी सोपी युक्ती दुसरी नाही. शिवाय तिथं पहाटे पाचला दिवा नाही, वळणावर गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही, आणि त्या डोंगरातल्या बिबट्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

तेव्हा घाट आजपासून बंद. टाचेसाठी पलंगावरून उतरण्याआधी ओढणी तळव्याला अडकवून बोटं स्वतःकडे ओढा, अर्धा मिनिट, तीन वेळा. मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ चप्पल वापरा. दुपारी फ्रीजरमधली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच मिनिटं लोळवा. आणि एक दिवसाआड जिन्याच्या पायरीवर, बोटांखाली गुंडाळलेला पंचा ठेवून, कठडा धरून टाचा हळूहळू वर-खाली करा. पट्ट्याला ताकद यातूनच येते. हे दुखणं चिवट असतं, काही आठवडे, कधी काही महिने घेतं, पण बहुतेक वेळा जातं. एक परीक्षा घरीच करून बघा: टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांत दाबली आणि कळ आली, किंवा सूज असली, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असली, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग धावणं थांबवून आधी डॉक्टर.

बूट नवे घ्या. महागडे हवेत असं नाही. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी, टाच हलता कामा नये, दुकानात दहा पावलं पळून बघा. मुलगा ऑनलाइन मागवून देतो म्हणाला तरी पहिला जोड घालून बघूनच घ्या.

डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा आणि स्पष्ट सांगा, ‘मी पळते.’ सहा वर्षं गोळी घेणाऱ्या ६३ वर्षांच्या बाईचा ईसीजी काढायला आणि गरज वाटली तर ट्रेडमिलवरची तपासणी करायला हे निमित्त पुरेसं आहे. गोळीचं नाव बघा. ते ‘लोल’नं संपत असेल, म्हणजे एटेनोलोल, मेटोप्रोलोल अशा जातीची असेल, तर ती नाडी वाढू देत नाही. मग हातावरच्या घड्याळातले ठोके बघून आपण किती जोरात धावतोय ते कळत नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात पाण्याकडे जास्त लक्ष. गोळी स्वतःच्या मनानं कमी करू नका, धावून ब्लडप्रेशर उतरलं तरी तो निर्णय डॉक्टरांचा. आणि बायकांना हृदयाचा त्रास नेहमी छातीतच होतो असं नाही. जबडा, पाठ, खांदा दुखतो, मळमळतं, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं, आणि आपण म्हणतो ‘पित्त झालंय’. धावताना यातलं काही झालं, छातीत दडपलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर जागच्या जागी थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. म्हणून तर म्हणते, तुम्ही कुठं आहात हे घरात कुणाला तरी माहीत हवं आणि खिशात फोन हवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. कदाचित तुम्हाला ती नसेलही. पण हे सदर वाचणाऱ्या अनेकींना असेल, म्हणून मी आपणहून बोलते. बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांना धावताना, शिंकताना थोडी लघवी होते. कित्येक जणी त्यापायी व्यायाम सोडतात आणि कारण गुडघ्याचं सांगतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्यानं हे होतं आणि व्यायामानं बऱ्याच जणींचं सुधारतं. लघवी अडवताना जे स्नायू आत ओढले जातात ते पाच ते दहा सेकंद आवळायचे, तेवढाच वेळ सोडायचे, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने नेमानं करायला हवं. तोवर पॅड लावून धावा. यात शरमेचं काही नाही.

धावायचं किती? आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. तरुणपणी एका रात्रीत भरून येणारा थकवा आता दोन दिवस घेतो आणि ताकद त्या विश्रांतीतच तयार होते. तुमचं घर वर, पेठेच्या पश्चिम टोकाला, आणि शाहू स्टेडियम खाली एसटी स्टँडजवळ. उतारानं चालत जा, पाय तिथं पोचेपर्यंत गरम होतात. मग दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, अशी वीस-पंचवीस मिनिटं. तुम्ही म्हणाल, मी तर सलग दोन किलोमीटर जाते. माहीत आहे. तरी टाच बरी होईपर्यंत हे तुकडेच. वेग किती? शेजारून धावणाऱ्याशी सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. तुमच्यासारख्या बाईंना सांगायचं तर, तीनचा पाढा न अडखळता म्हणता आला पाहिजे. दम लागून पाढा तुटला की चालायला लागा. परत वर येताना रिक्षा करा, पहिले दोन महिने तरी.

मधल्या दोन दिवशी घरी वीस मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. दूध तापेपर्यंत ओट्याशी एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. तोल सांभाळायचा सराव साठीनंतर धावण्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि फार थोडी माणसं तो करतात. एप्रिल-मे आला की ऊन चढायच्या आत घरी. पावसाळ्यात शेवाळलेल्या कडेनं धावू नका, एवढंच.

खाण्याबद्दल थोडं रागावून लिहिते. काळा चहा पिऊन पळायचं, आल्यावर सगळ्यांचा डबा-नाश्ता, आणि आपण दहाला उरलेली पोळी, हे चालणार नाही. जाण्याआधी अर्धं केळं. आल्यावर तासाभरात मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, अंडी खात असाल तर दोन अंडी, दही, भिजवलेले शेंगदाणे. या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. वरण-भाताच्या एका वाटीत ती भरत नाहीत. ड आणि ब-१२ जीवनसत्त्वं तपासून घ्या, शाकाहारी असाल तर ब-१२ नक्की.

हिल मॅरेथॉनबद्दल विचारलंत, ते वाचून मला फार आनंद झाला. २०१२ पासून आपल्या गावात ही स्पर्धा होते आणि तो रस्ता तुमच्या घराच्या अंगणातून गेल्यासारखाच आहे. पण २१ किलोमीटर, त्यातला घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. या वर्षी नको. नाव देऊन हसं होईल म्हणून नव्हे, टाच आणि मांड्या अजून तयार नाहीत म्हणून. या वर्षी त्या दिवशी समर्थ मंदिराजवळ उभं राहून येणाऱ्यांना टाळ्या द्या आणि त्यात पांढऱ्या केसांचे किती आहेत ते मोजा. हिवाळ्यात कुठंतरी पाच किलोमीटरची सपाटीवरची धाव असेल तिला नाव द्या. पुढच्या वर्षी तोवरची तब्येत बघून पुन्हा लिहा, मी टाळाटाळ न करता उत्तर देईन.

शेजारच्या वहिनींना काही उत्तर द्यायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेव्हा अख्खा जिल्हा टीव्हीपुढे बसला होता. मुलगी धावली तर कौतुक आणि आजी धावली तर खूळ, हे मला पटत नाही. वहिनींनाही फार दिवस पटणार नाही. चार सकाळी त्यांनी तुम्हाला ट्रॅक पँटमध्ये जाताना पाहिलं की पाचव्या सकाळी त्या विचारतील, मैदानावर बायका असतात का हो? त्यांना घेऊन जा.

यजमानांना मात्र सांगायला हवं, आणि परवानगी मागितल्यासारखं नको. चहाच्या वेळी सांगा: ‘मी चार महिने पळतेय. घाटात अंधारात जात होते, ते चुकलं. आता उजाडल्यावर स्टेडियमवर जाणार आहे. डॉक्टरांकडे येता का माझ्याबरोबर?’ शेवटचा प्रश्न जरूर विचारा. त्यांच्या रागाखाली तुम्ही पडाल ही भीती असणार, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. डॉक्टरांसमोर बसून ती त्यांना विचारू द्या. तिथून निघताना त्यांचंही ब्लडप्रेशर मोजून घ्या. मैदानाला चालत फेऱ्या मारायला त्यांना बोलवा. नाही आले तर नाही, तुम्ही जा.

मार्चमध्ये साडेसहाला चांगलं उजाडलेलं असतं. बूट, ईसीजी आणि चहाची ती वेळ एवढं या आठवड्यात उरका. टाचेचं काय झालं ते महिन्याभरानं कळवा.

तुमची,
सदरलेखिका